मजेची किंमत महिन्याला किती? सातारा–शिरवळ रोजच्या येण्याजाण्यासाठी घेतलेली गाडी

भाचीचा फोन आला तेव्हा ती पुणे-सातारा हायवेवर शिरवळच्या स्टॉपवर उभी होती. ऑक्टोबर २०२४, संध्याकाळचे सव्वासात. कंपनीची बस पावणेसहाला सुटलेली आणि हिचं ऑडिट सातला संपलेलं. "मामा, स्वारगेटहून येणारी एसटी आत्ता समोरून गेली. विनाथांबा. आता मी गाडी घेणार. तुम्ही फक्त कुठली ते सांगा."

साताऱ्यात गॅरेज चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. बहुतेकांनी गाडी आधीच ठरवलेली असते, त्यांना फक्त आपली मान डोलवून हवी असते. भाचीचं तसं नव्हतं. तिला गाड्यांची नावंही धड माहीत नव्हती. पण वयाच्या विसाव्या वर्षापासून दाजींची मोटरसायकल ती यवतेश्वरच्या रस्त्याला पळवत आलेली. त्यामुळे नावं माहीत नसली तरी गाडी अंगाला कशी लागते ते तिला कळत होतं.

आधी प्रकरण काय होतं ते मांडतो. घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत ६२ किलोमीटर, म्हणजे रोज १२४. वर्षात साधारण २८० दिवस कामाचे धरले तर कामावरच्याच ३५ हजार किलोमीटरची बेगमी. सकाळी सव्वासातला निघायचं, संध्याकाळी परतायची वेळ नक्की नाही. रोज सव्वादोन ते अडीच तास स्टिअरिंगवर. तिच्याकडे साठवलेले तीन लाख, दाजी दीड घालणार, कर्ज शक्यतो नको. म्हणजे आरसी ट्रान्स्फर, विमा, पहिली डागडुजी सगळं धरून साडेचार लाख. आणि अट एकच, तिच्या शब्दांत: "स्वस्तात चालली पाहिजे, पण रोज अडीच तास त्यात बसून मला पेंग येता कामा नये."

दुसऱ्या वाक्याकडे घरात कुणी लक्ष दिलं नाही. मला मात्र तेच खरं मागणं वाटलं. हायवेवर रोज जाणाऱ्या माणसाला कंटाळा आला की तो दोनच गोष्टी करतो, फोन बघतो नाही तर डुलक्या काढतो. गाडीत जीव असला तर माणूस जागा राहतो.

गाडीच्या आधी एसटीचा विचार करावा लागला, कारण पैशात तिला कुणी हरवू शकत नव्हतं. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. जाऊन-येऊन शंभराच्या आत भागत होतं. कुठलीही चारचाकी त्याच्या चौपट-पाचपट जाणार हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं. तिनं सहा महिने एसटी केली होती. सकाळची जाणारी उत्तम, परतीची बेभरवशाची. रात्री आठपर्यंत स्टॉपवर उभं राहणं तिला नको झालं होतं. तो मुद्दा हिशेबात मांडता येत नाही. त्यामुळे एसटी बाद झाली. पण आजही गाडी सर्व्हिसिंगला असली की ती एसटीनंच जाते.

आता रस्ता. गाडी निवडायची तर आधी रस्ता बघावा, ब्रोशर नंतर. वाढे फाट्यापासून वेळे गावापर्यंत सरळ हायवे: आनेवाडीचा टोलनाका, पाचवड, भुईंज, सुरूर. मग खंबाटकी घाट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथं तेव्हा जायचा आणि यायचा रस्ता वेगळा होता. साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहनं बोगद्यातून जायची, पुण्याहून साताऱ्याकडे येणारी जुन्या घाटानं चढून यायची. म्हणजे भाची सकाळी बोगद्यातून निघून पुढच्या उतारावरचं ते बदनाम एस-वळण घेणार आणि संध्याकाळी दमलेल्या अंगानं घाट चढणार. नवीन जोडबोगद्याचं काम तेव्हा चालू होतं, पण ते पुरं होईपर्यंत हे असंच.

या सगळ्या वाटेत गाडीची परीक्षा घेणारे सात-आठ किलोमीटर तेवढे घाटातले. बाकी पन्नासाला कुठलीही गाडी चालते. संध्याकाळी सातला त्या चढावर भरलेले ट्रक दोन्ही लेन अडवून पहिल्या गिअरात रांगत असतात. मागून खाजगी बसवाला लाइट मारत असतो. ट्रकच्या मागून बाहेर निघून, पुढचं वळण यायच्या आत आपल्या लेनमध्ये परत यायचं, एवढीच तिथली कसोटी. त्यासाठी वरचा वेग कामाचा नाही. ताशी ३० वरून ५५ वर गाडी किती चटकन जाते ते बघायचं. गिअर पाडून पुन्हा टाकताना हाताला काय लागतं ते बघायचं, आणि वळणात गाडी कलंडल्यासारखी वाटते की चिकटून बसते, तेही. आमच्या मजेची व्याख्या एवढीच ठरली.

दाजींना हे पटवणं अवघड गेलं. सातारकर माणूस, त्याला जुनी स्कॉर्पिओ नको म्हणायचं म्हणजे घोर अपराध. "बसायला उंच, रस्त्यात मान." मी कागदावर लिहून दाखवलं. डिझेल लिटरला ९२ धरलं आणि खरं ॲव्हरेज १२, तर किलोमीटरला साडेसात रुपयांच्या वर, वर्षाला पावणेतीन लाखांच्या आसपास नुसतं डिझेल. दाजींनी कागद घडी घालून खिशात ठेवला. नंतर स्कॉर्पिओचं नाव निघालं नाही.

त्याच कागदावर बाकीचे आकडेही मांडले. पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२, सीएनजी किलोला ९५ धरला. ॲव्हरेज कंपनीचं घेतलं नाही, माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांचं घेतलं. कंपन्या सांगतात ते आकडे प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या चाचणीचे. गाड्या एकमेकींशी ताडून बघायला ते ठीक, पण त्यावर महिन्याचं बजेट मांडू नये. १.२ पेट्रोल स्विफ्ट हायवेला २० देते, म्हणजे किलोमीटरला सव्वापाच रुपये, वर्षाला १ लाख ८४ हजार. सेलेरिओ पेट्रोल २३, वर्षाला १ लाख ६० हजार. १.५ डिझेल फिगो २२ धरली, ४ रुपये १८ पैसे, १ लाख ४६ हजार. सीएनजी टियागो किंवा वॅगनआर किलोला २८ धरली तर ३ रुपये ४० पैशांच्या आत, वर्षाला १ लाख १९ हजार.

आणि इलेक्ट्रिक. खरं सांगायचं तर कागदावर सगळ्यांना तिनं झोपवलं. टियागोची मोठी बॅटरी २४ युनिटची. हायवेला खरे दोनशेच्या आसपास किलोमीटर जाते, रोजच्या १२४ ला पुरून उरतं. घरचं बिल वरच्या स्लॅबमध्ये गेलं असं धरूनही किलोमीटरला दोनच्या आसपास. चढावर ओढही मस्त, गिअरची भानगडच नाही. पण भाचीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंग सामाईक, आणि चार्जरची वायर कुठून न्यायची यावर सोसायटीच्या तीन मीटिंगा होऊनही काही ठरलं नाही. शिवाय जुन्या बाजारातही ती साडेचार लाखांत बसत नव्हती. स्वतःची पक्की जागा आणि स्वतःचं मीटर असतं तर हे प्रकरण मी इथेच मिटवलं असतं.

नवी गाडी का नाही, असं भाचीच्या आईनं विचारलं. माझी बहीण, तिला नव्या गाडीला हार घालायचा होता. वर्षाला ३५ हजार म्हणजे पाच वर्षांत पावणेदोन लाख किलोमीटर. एवढ्या चाललेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं ते पडेल भावात. नवी घेतली तर तो घसारा आपल्या खिशातून जातो. पहिल्या मालकानं तो सोसलेली गाडी घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत टायर, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर), ब्रेक नवे करावेत. हाराचं काय, तो जुन्या गाडीलाही घालता येतो.

आता सीएनजी, कारण सगळं गाव तेच सुचवत होतं. इथं मला पैशांपेक्षा वेळ मोजावासा वाटला. साठ लिटरच्या टाकीत प्रत्यक्ष आठ-साडेआठ किलो गॅस बसतो, पंपावर प्रेशर कमी असलं तर त्याहून कमी. म्हणजे सव्वादोनशे-दोनशे चाळीस किलोमीटर. रोज १२४ जाणाऱ्याला दर दुसऱ्या दिवशी भरायला लागणार. हायवेच्या पंपावर संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटांची रांग ठरलेली. महिन्यात बारा वेळा भरायचं म्हटलं तर पाच तास झाले. रोज अडीच तास गाडीत घालवणाऱ्या मुलीचे आणखी पाच तास पंपाच्या रांगेत. "मामा, म्हणजे मी कंपनीच्या स्टॉपवरून उठून पंपाच्या रांगेत जाऊन बसायचं," भाची म्हणाली. तरी मी तिला चालवायला लावली, कारण न चालवता बाद करणं मला पटत नाही.

उमेदवार शेवटी तीन उरले: शेजाऱ्यांची टियागो सीएनजी, गिऱ्हाइकाची २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट आणि कराडच्या एका डॉक्टरांनी विकायला काढलेली २०१८ ची डिझेल फिगो. पोलो माझ्या यादीत होती. आपल्या चाकणची गाडी, दार लावलं की तिजोरीचा आवाज. पण बजेटमध्ये येणारी साधी पेट्रोल पोलो वजनदार आणि मंद, आणि जिला खरा जीव आहे ती टर्बो मॉडेलं आमच्या पैशांत नव्हती. ब्रिओवर माझं स्वतःचं मन होतं. ८८ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप) इंजिन आणि वजन हजार किलोच्या आत, असली चपळ गाडी त्या किमतीत दुसरी नाही. पण बजेटमध्ये येणारी प्रत्येक ब्रिओ आठ-नऊ वर्षांची, डिकी नावापुरती, आणि हायवेला १७-१८ च्या वर देत नाही. मनातून काढली. पूर्ण निघाली नाही अजून.

चाचणीची पद्धत अशी ठेवली. तिन्ही गाड्या तीन वेगवेगळ्या दिवशी, पण त्याच वेळी. संध्याकाळी पावणेसातला शिरवळहून निघायचं, एसी चालू, गाडीत तीन माणसं. भाची चालवणार, शेजारी मी, मागे बहीण. बहिणीला मुद्दाम घेतलं. मागच्या सीटवरचा माणूस गाडीबद्दल जे सांगतो ते चालवणाऱ्याला कधीच कळत नाही. आणि तिला घाटात मळमळतं, म्हणजे फुकटचा मीटर.

पहिल्या दिवशी टियागो सीएनजी. हायवेला झकास, सीट आरामाची. भक्कमपणात तिघींत तीच वरचढ. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२० च्या धडक-चाचणीत टियागोला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळालेले, तर २०१८ च्या चाचणीत स्विफ्टला दोन. (फिगोची डिकीवाली बहीण ॲस्पायर तीन ताऱ्यांवर.) पण गॅसवर तिची ताकद ७३ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढ, ९५ एनएम. तीन माणसं आणि एसी घेऊन खंबाटकीत तिसरा गिअर टिकेना. दुसऱ्यात रेस वाढवून ट्रकच्या मागून निघायचं, आणि निघेपर्यंत वळण आलेलं. भाची दोनदा निघून दोनदा परत आत आली. घाटमाथ्यावर खामजाईच्या देवळापाशी थांबलो तेव्हा म्हणाली, "गाडी चांगली आहे. पण रोज हिला ढकलत न्यायला लागेल." बहीण मागून म्हणाली, "मला काही मळमळलं नाही, हीच घ्या."

दुसऱ्या दिवशी स्विफ्ट. हलकी गाडी, स्टिअरिंग फिरवलं की लगेच नाक वळतं. भाचीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं ते इथं. पेट्रोल इंजिनाला वर फिरवायला लागतं, त्याचा ११३ एनएम टॉर्क ४,२०० आरपीएमला येतो. म्हणजे घाटात गिअर पाडा, रेस चढवा, ट्रक मागे टाका, पुन्हा वर टाका. तरण्या पोरीला त्याची मजा वाटणारच. पण मी शेजारी बसून मनात मोजत होतो. एका घाटात तिनं अठ्ठावीस वेळा गिअर बदलला. आज मजा आहे, वर्षाच्या दोनशेऐंशीव्या दिवशी ती राहील का? शिवाय इंधनात इथेनॉल वाढत चाललेलं. भुईंजला साखर कारखान्याची चिमणी दिसली की मी गिऱ्हाइकांना गमतीनं म्हणतो, तुमचं ॲव्हरेज तिथं गेलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांशाच्या आसपास कमी, त्यामुळे २० टक्के मिसळलं की किलोमीटरमागे थोडं जास्त जाळावं लागतं. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्या प्रमाणासाठी बनवलेल्याही नाहीत. हे ऊसवाल्या गावात बोलायची चोरी, पण हिशेबात धरायलाच हवं होतं.

तिसरा दिवस फिगोचा. १.५ लिटर डिझेल, १०० पीएस, २१५ एनएम. कागदावर हे आकडे सगळ्यांना ठाऊक होते. घाटाच्या पायथ्याला भाचीनं तिसरा गिअर टाकला आणि माथ्यापर्यंत चार-पाच वेळा सोडून बदललाच नाही. ट्रकच्या मागून पाय दाबला की गाडी अलगद सुटायची. वळणात अंगावर दाब जाणवत होता, पण गाडी डोलत नव्हती. डिझेलचा आवाज आत येतो, थंडीत सकाळी तर ट्रॅक्टरच. एका वळणात बहीण मागून ओरडली, "अगं हळू!" काटा ५० वर होता. तिच्या दृष्टीनं ही तक्रार होती. मी ती गाडीच्या जमेच्या बाजूला लिहिली.

मग आले आक्षेप. दाजी म्हणाले, "ती कंपनी तर गेली ना देशातून? आणि डिझेल दहा वर्षांनी भंगारात." दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, पण विकलेल्या गाड्यांची सर्व्हिस आणि पार्ट चालू ठेवले. फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचं सामान पुण्यात दुसऱ्या दिवशी मिळतं. बंपर, हेडलाइट, काचा अशा बॉडीपार्टला मात्र थांबावं लागतं. मला ते चालणार होतं, कारण माझं गॅरेज आहे. ज्याला घरचा मेकॅनिक नाही त्यानं इथं दोनदा विचार करावा. दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता. आपल्याकडे नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं तपासणी करून नूतनीकरण. २०१८ च्या गाडीला २०३३ पर्यंत कोण हात लावतं. आणि वर्षाला ३५ हजारांनी तेव्हापर्यंत तीच दमलेली असेल.

आक्षेप मिटले तरी मी लगेच हो म्हटलं नाही, कारण जुनी गाडी घेताना मॉडेलपेक्षा नग महत्त्वाचा. याच्या आदल्या आठवड्यात एका एजंटानं ४८ हजार चाललेली स्विफ्ट दाखवली होती. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी चकाकत होती, आणि टायर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ४८ हजारात दुसऱ्यांदा टायर बदलायची वेळ यायला गाडी नांगराला जुंपायला हवी. मीटर मागे फिरवलेला, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. आम्ही चहा पिऊन उठलो.

डॉक्टरांची गाडी ६८ हजार चाललेली, एकच मालक. सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली, प्रत्येक बिलावर किलोमीटर. एमपरिवहन या सरकारी ॲपवर मालक, विमा, बँकेचा बोजा, दंडाची चलनं तपासली. दोन चलनं निघाली, ती त्यांनी आमच्यासमोर भरली. स्टेपनीचा टायर गाडीच्याच वयाचा निघाला, हे चांगलं लक्षण. गाडी रात्रभर बंद ठेवायला सांगून सकाळी आम्ही स्वतः चालू केली. डिझेलचं इंजिन गार असताना काय बोलतं ते ऐकावं, गरम केलेली गाडी सगळेच दाखवतात. धूर नाही, टर्बोची शिट्टी नाही, ऑइलचं झाकण काढल्यावर फुसफुस नाही. पुढच्या लोअर आर्मचे बुश गेले होते, ते मी भाव करताना पुढं केले. ४ लाख २० हजारांवरून ३ लाख ९० ला सौदा झाला. ट्रान्स्फर, विमा, बुश, सगळी ऑइलं, कूलंट, फिल्टर मिळून आणखी ४८ हजार. ४ लाख ३८ हजारांत गाडी दारात. बहिणीनं हार घातला.

वर्षभराचा हिशेब भाचीनं डायरीत ठेवला आहे, टाकी ते टाकी. ३४,६०० किलोमीटर, सरासरी २३.४, डिझेल १ लाख ३५ हजारांचं. मी २२ धरलं होतं, तिनं ते वर नेलं, आणि कसं नेलं ते सांगण्यासारखं आहे. पहिल्या दोन महिन्यांत ती हायवेला १००-१०५ नं जायची, तेव्हा २० मिळत होतं. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ८० वरून १०० वर गेलं की दीडपटीच्या वर. मी तिला एक आठवडा ८०-८५ नं जायला सांगितलं. ॲव्हरेज २४ च्या पुढे गेलं, आणि घरी पोचायला सहा-सात मिनिटं जास्त लागली. गाडी निवडताना आम्ही ज्या दोन-तीन किलोमीटरच्या फरकावर डोकेफोड केली, त्याहून मोठा फरक तिच्या उजव्या पायात होता. आता ती सरळ रस्त्याला सावकाश जाते आणि घाटात पाय मोकळा सोडते.

टोलचा प्रश्न स्वस्तात सुटला. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खाजगी गाडीला महिन्याचा पास साडेतीनशेच्या आसपास पडतो. आनेवाडीपासून तिचं घर त्यात बसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये फास्टॅगचा तीन हजारांचा वार्षिक पास आला तेव्हा दाजी तो घ्यायला निघाले होते. त्यात दोनशे फेऱ्या मिळतात, आणि प्रत्येक वेळी नाका ओलांडला की एक फेरी. जाऊन-येऊन दोन, म्हणजे शंभर दिवसांत पास संपला. लांब पर्यटन करणाऱ्याला तो सोन्यासारखा, रोज एकच नाका ओलांडणाऱ्या भाचीला महिन्याचाच परवडतो.

जिथं मी चुकलो ते देखभालीत. वर्षाला चाळीस हजार लागतील म्हणालो होतो, लागले ६३ हजार. तीन सर्व्हिसिंग, चार टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, आणि लाख किलोमीटर जवळ आले म्हणून टायमिंग बेल्ट. बेल्ट अजून चालला असता कदाचित. पण तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होऊन इंजिनच उघडावं लागतं, आणि हा जुगार रोज घाट चढणाऱ्या गाडीत मी खेळत नाही. वर्षाला ३५ हजार म्हणजे लोकांची तीन वर्षांची झीज एका वर्षात, हे मला गिऱ्हाइकांच्या बाबतीत पाठ आहे. घरच्या माणसाला सांगताना आकडा लहान करून सांगितला गेला, एवढंच.

आता शीर्षकातला प्रश्न. सीएनजी घेतली असती तर इंधनात वर्षाला १८ हजार आणि देखभालीत अंदाजे बारा-तेरा हजार वाचले असते. पण ती गाडी आम्हाला ५ लाख ८० च्या खाली मिळत नव्हती, म्हणजे कर्ज, आणि जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्यापेक्षा चढं. पहिल्या वर्षी व्याजच १७-१८ हजार गेलं असतं. वजाबाकी करून उरतात वर्षाला बारा-तेरा हजार, महिन्याला हजार-अकराशे. भाचीला मी हा आकडा सांगितला आणि विचारलं, पंपाची रांग वाचली आणि घाट मिळाला, त्याला हजार रुपये जास्त झाले का? ती म्हणाली, "जिमला बाराशे भरत होते मामा, आणि जात नव्हते."

एक गोष्ट मात्र हिशेबात कुणीच धरली नव्हती. फेब्रुवारीपासून साताऱ्याच्या दोन सहकारी मैत्रिणी तिच्याबरोबर येऊ लागल्या. डिझेल आळीपाळीनं भरतात. त्यानं तिचा खर्च जेवढा उतरला तेवढा कुठल्याही ॲव्हरेजनं उतरला नसता. मग इतके महिने आपण गाडीच्या दशांशांवर का भांडलो, असं दाजींनी विचारलं, आणि त्याचं माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. एका मैत्रिणीला घाट लागतो. त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस गाडी खंबाटकी चढते ती वरातीच्या चालीनं.

हिवाळ्यात, गाळप हंगाम सुरू झाला की, मागे लाइट नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. त्या दिवसांत ती सातच्या नंतर निघाली की मला शिरवळहून एक मिस्ड कॉल देते आणि वेळ्याला पोचली की दुसरा. मधलं अंतर पाच-सात मिनिटांनी वाढलं तर मैत्रीण बरोबर आहे असं मी समजतो.

गेल्या आठवड्यात ती गॅरेजला आली. क्लच किंचित जड लागतोय म्हणाली. मी एक चक्कर मारून आलो. प्लेट अजून आठ-दहा हजार किलोमीटर काढेल. तिनं डायरी उघडून क्लचच्या नावापुढं पुढच्या मार्चची तारीख टाकली, खाली आकडा लिहायला जागा ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी मी आकडा मोठा सांगितला.